वालावलकर बाईंना माहीत होतं

"पोटात काय आहे?" हा वालावलकर बाईंचा नमस्कार. सकाळी शाळेच्या फाटकातून कोणीही आत येवो, पाचवीतली चिमुरडी असो की दहावीतला मिसरूड फुटलेला दादा, बाई त्याला अडवून आधी हे विचारायच्या. उत्तर "चहा-बिस्किट" असं आलं की त्यांचा चेहरा असा पडायचा, की समोरच्याला आपण चोरी कबूल केल्यासारखं वाटावं. "बिस्किट म्हणजे काय खाणं झालं?" असं म्हणत त्या पर्समधून स्टीलचा चपटा डबा काढायच्या आणि गूळ-शेंगदाणे हातावर ठेवायच्या. त्या आमच्या पी.टी.च्या बाई. "आधी पोट, मग पी.टी." हे त्यांचं वाक्य आम्ही त्यांच्या मालवणी हेलासकट म्हणायचो, तेही त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्या हसायच्या. छान हसायच्या, हे मला मान्य करावंच लागेल.

करावं लागेल म्हणतेय, कारण त्यांच्याबद्दल चांगलं लिहायची मला मुळीच हौस नाही. इतकी वर्षं झाली, मी नोकरीला लागले, माझे स्वतःचे केस पांढरे व्हायला लागले, तरी माझा राग काही उतरलेला नाही. आणि वैताग असा, की माझ्या या डोक्याबद्दल मला जे काही कळतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांनीच शिकवलंय. आजही मी उपाशी घराबाहेर पडत नाही. हातावर शेंगदाणे घेतले की या बाई आठवतात, आणि शेंगदाणे काही सोडता येत नाहीत.

डोंबिवली पूर्वेतली आमची मराठी शाळा. मैदान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फरशी घातलेली जागा, दुपारी पाय ठेवला तर चटका बसायचा. त्या फरशीवर बाई उभ्या असायच्या. उंच, शिडशिडीत, पंजाबी ड्रेसवर कॅनव्हासचे बूट, डोक्यावर अंपायरसारखी रुंद टोपी आणि डोळ्यांवर काळा गॉगल. गॉगलमुळे पोरांनी त्यांचं नाव 'शूटिंग' ठेवलेलं. "शूटिंग आलं रे" म्हटलं की मैदानावर पांगापांग. आणि पी.टी.च्या बाई असून गळ्यात शिट्टी नाही! त्या टाळ्या वाजवायच्या. एक टाळी म्हणजे थांबा, दोन म्हणजे पळा, तीन म्हणजे रांगेत या. नव्या मुलांना वाटायचं, शाळेने बाईंना शिट्टी घेऊन दिली नाही.

स्टाफरूममध्ये त्यांचं चित्रकलेच्या सरांशी कायमचं वाजलेलं. सरांना सकाळी आल्या आल्या मोगऱ्याची उदबत्ती लावायची सवय होती. बाई ती उचलायच्या आणि खिडकीबाहेरच्या कुंडीत खोचून यायच्या. सर म्हणायचे, अहो, देवाची आहे ती. बाई म्हणायच्या, देवाला बाहेरूनसुद्धा वास येतो. हे रोज. एकदा सरांनी दोन लावल्या, तर बाईंनी दोन्ही उचलल्या आणि स्वतःची खुर्चीही उचलून व्हरांड्यात नेली. सगळी शाळा त्यांना विक्षिप्त समजायची. मीसुद्धा समजायचे, आठवीपर्यंत.

आठवीत मला पहिल्यांदा झालं. इतिहासाच्या तासाला फळ्यावरचे शब्द अर्धेच दिसायला लागले. 'स्वराज्य'मधलं 'स्व' दिसायचं, 'राज्य' गायब. मग उजव्या कडेला काहीतरी चमचमायला लागलं, डोळे मिटले तरी चमचमतंच. ते गेलं आणि डोकं सुरू झालं. एका बाजूने कोणीतरी आतून ठोकतंय, उजेड नको, आवाज नको, शेजारणीच्या केसांच्या तेलाचा वासही नको. शेवटी बेसिनपाशी उलटी. मग असं महिन्यातून एकदोनदा व्हायलाच लागलं.

घरी आईचं मत ठाम होतं, मोबाइल. बाबा ठाण्याला कोलशेतच्या कंपनीत शिफ्टला जायचे, त्यांनी एक सुट्टी टाकून मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे ठणठणीत निघाले. नंबर नाही म्हटल्यावर घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि माझं दुखणं तिथेच निकालात निघालं. पुढे कधी दुखलं तर आई म्हणायची, डॉक्टर काय वेडे आहेत का? वर्गात तर विचारूच नका. एका चाचणीच्या दिवशी मला घरी सोडावं लागलं, तेव्हापासून माझं नाव 'नाटकवाली' पडलं. मला त्या वयात दुखण्यापेक्षा ते नाव जास्त लागायचं. आपल्याला काय होतंय हे आपल्यालाच सांगता येत नाही, आणि सांगायला जावं तर समोरचा आधीच हसतोय.

अशात एकदा पी.टी.च्या तासाला मैदानावर चमचम सुरू झाली. मी रांगेतून बाहेर येऊन खांबाला धरून उभी राहिले. बाई आल्या. काय होतंय असं त्यांनी विचारलंच नाही. गॉगल काढून माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वाकडीतिकडी रेघ दिसते का गं? साडीच्या टेंपल बॉर्डरसारखी? कडेला?"

मी रडायलाच लागले. अगदी तश्शीच दिसत होती. माझ्या डोळ्यांच्या आतलं या बाईला कसं दिसलं?

त्यांनी मला खेळाच्या सामानाच्या खोलीत नेलं. कॅरम बोर्ड, फुटकी डंबेल्स, दोरखंड, आणि कोपऱ्यात कसरतीच्या जाड गाद्या. खिडकीला त्यांनी एक गादी उभी करून लावली, खोली काळोखी झाली. मला आडवं केलं, थोडं थोडं पाणी प्यायला लावलं, ओला रुमाल कपाळावर ठेवला आणि दार लोटून गेल्या. बाहेर टाळ्या ऐकू यायच्या, पण लांबून. मला जाग आली तेव्हा शाळा सुटत होती आणि डोकं जवळजवळ थांबलं होतं. बाई दारात बसून दोऱ्यांच्या गाठी सोडवत होत्या. म्हणाल्या, "याला अर्धशिशी म्हणतात. मायग्रेन. हे नाटक नाही. कोण काय म्हणेल ते म्हणू दे, मला माहितीये."

त्या दिवसापासून मी त्यांची झाले. यात अतिशयोक्ती नाही. चौदाव्या वर्षी 'मला माहितीये' म्हणणारं एक मोठं माणूस मिळालं तर पोर त्याच्यासाठी काय वाटेल ते करेल.

मग माझी शिकवणी सुरू झाली. लेझीमच्या सरावाआधी मैदानाच्या सावलीच्या कडेला आम्ही बसायचो आणि बाई उलटतपासणी घ्यायच्या. काल किती वाजता झोपलीस? सकाळी काय खाल्लंस? पाणी? पाळी कधी आली? मला आधी लाज वाटायची. त्या म्हणायच्या, लाजायचं नंतर, आधी उत्तर दे. त्यांच्यामुळे मला एकेक कळायला लागलं. रविवारी मी ताणून दुपारपर्यंत झोपायचे आणि संध्याकाळी डोकं धरून बसायचे. बाई म्हणाल्या, कमी झोप वाईट हे सगळे सांगतात, जास्त झोपेचं कोणी सांगत नाही. डोक्याला रोज तेच लागतं, त्याला सुट्टी नको असते. चाचणीच्या दिवशी दुखायचं त्याचंही कोडं त्यांनी सोडवलं. आदल्या रात्री जागरण, सकाळी टेन्शनमुळे घास उतरत नाही, डबा तसाच परत, वर पंख्याखालची ट्यूबलाइट फडफडतेय. "मग डोकं दुखेल नाहीतर काय आरती करेल?" असं म्हणाल्या.

मी एकदा हुशारी करून सांगितलं, बाई, मला चॉकलेटने होतं, खाल्लं की दुसऱ्या तासाला सुरू. त्या म्हणाल्या, काहींना होत असेलही. पण काहींचं उलट असतं. डोकं दुखायच्या आधीच गोड खावंसं वाटतं, जांभया येतात, चिडचिड होते. म्हणजे गाडी आधीच सुटलेली असते, चॉकलेटचं नाव उगाच बद्दू. कोपऱ्यावरच्या गाडीचं चायनीज, वडापाव, कोल्ड्रिंक यांची यादी घेऊन मी गेले तेव्हाही त्यांनी सगळं एकदम सोडू दिलं नाही. एकेक करून बघ, म्हणाल्या, सगळ्यांना सगळं लागू पडत नाही. गोळी मात्र त्यांनी मला कधीही दिली नाही. गोळी डॉक्टर देतील, बाबांना सांग, डोळ्यांच्या नाही, मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या म्हणावं.

हे मी बाबांना सांगू शकत नव्हते. नंबर नाही निघाला म्हणून आता मेंदू, असं आई म्हणाली असती, आणि हसली असती. मी बाईंना म्हटलं, तुम्हीच सांगा ना, तुमचं ऐकतील. बघू, म्हणाल्या.

त्यांनी ते का टाळलं ते मला नवरात्रात कळलं. खो-खोच्या सामन्यांसाठी त्या आमची टीम घेऊन ठाण्याला आलेल्या. सामना हरलो, पण पोरींना टेंभी नाक्याची देवी बघायची होती. संध्याकाळची वेळ, दिव्यांच्या माळा, लाउडस्पीकर, ढोल, गर्दी. पोरी एकमेकींचे हात धरून रांगेत घुसल्या. बाईंनी एका मोठ्या मुलीवर जबाबदारी टाकली आणि मला घेऊन बाजूच्या गल्लीत एका बंद दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. मला वाटलं माझ्यासाठी आल्या. पण त्यांनीच डोळे मिटले, भिंतीला डोकं टेकलं आणि पर्समधून गोळी काढून गिळली.

"तुम्हालापण?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग डोळे न उघडताच सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा लहान होत्या तेव्हापासून त्यांना हे आहे. आधी ठाण्याच्याच एका शाळेत होत्या, तिथे भर क्रीडादिनाला उन्हात चक्कर येऊन पडल्या. महिन्याभरात काढून टाकलं. पी.टी.च्या बाईला ऊन सोसत नाही, शिट्टी सोसत नाही, मग ठेवायची कशाला? आता आमच्या शाळेत त्यांचं कायम होण्याचं प्रकरण संस्थेकडे पडून होतं. घरी म्हातारी आई, कमावणारं दुसरं कोणी नाही. त्या म्हणाल्या, "मुग्धा, हे फक्त तुला सांगतेय. कोणाला बोलू नकोस हं."

मी म्हटलं, नाही बोलणार. आणि मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! सगळ्या शाळेत मला एकटीला ठाऊक होतं, टाळ्या का, गॉगल का, उदबत्ती कुंडीत का. पोरं 'शूटिंग आलं' म्हणून हसायची तेव्हा मी हसायचं सोडून दिलं.

नववीत मी लेझीमच्या पहिल्या रांगेत आले. डोंबिवलीत गुढीपाडव्याची शोभायात्रा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. अख्खं गाव नटून रस्त्यावर असतं. शाळेचं पथक पालखीच्या पुढे असायचं आणि त्या वर्षी मी पथकाच्या पुढे. घरी पहिल्यांदा माझं कौतुक झालं. आईने तिची नऊवारी काढून दिली. बाई रोज सराव घ्यायच्या, दर थोड्या वेळाने पाणी, सावली, शेंगदाणे. आणि त्यांनी एक गोष्ट कबूल केली, तीही न मागता. "पाडवा होऊ दे. मी स्वतः तुमच्या घरी येते. बाबांना समजावून सांगते. डॉक्टरचं नावसुद्धा देते." मी त्या पाडव्याची वाट नटण्यासाठी बघत नव्हते. बाई घरी येऊन 'हे नाटक नाही' म्हणणार होत्या, त्याची वाट बघत होते.

पाडव्याच्या पहाटेच आम्हाला शाळेत बोलावलं. नऊवारी नेसवायला कोणाकोणाच्या आया आलेल्या. त्यातल्या एका काकूंनी माझा खोपा इतका घट्ट बांधला, की माझ्या भुवया वर ओढल्या गेल्या. त्यावर आकडे, त्यावर मोगऱ्याचा भरगच्च गजरा. बाईंच्या शिकवणीतलं एकेक मी मनात मोजत होते. झोप अर्धी. वास नाकाशी. केस ताणलेले. राहिलं पोट. बाई फिरत फिरत आल्या, पर्सला हात घातला. तेवढ्यात संस्थेचे कार्यवाह आत आले. सिल्कचा झब्बा, कपाळाला गंध. त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं की पालखी उठून आरती होईपर्यंत कोणाही मुलीने तोंडात काही घालायचं नाही. उष्ट्या तोंडाने देवापुढे नाचायची आपल्याकडे पद्धत नाही. घरोघरी गुढीला नैवेद्य दाखवल्याशिवाय आपण खातो का?

बाईंचा हात पर्समध्येच राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग पर्सची चेन लावली. "बरोबर आहे, साहेब," म्हणाल्या. वर्षभर ज्या बाईने बिस्किटावर समाधान मानलं नाही, ती 'बरोबर आहे' म्हणाली. आम्हाला कडुलिंबाची चटणी तेवढी मिळाली, बोटाच्या टोकावर.

पालखी उशिरा उठली, अशा वेळी ती उशिराच उठते. ऊन चढलं. चौकात दोन ढोल पथकं समोरासमोर आली आणि कोणीच थांबेना. माझ्या उजव्या कडेला टेंपल बॉर्डर सुरू झाली. मी बाईंना शोधलं, त्या रस्त्याच्या पलीकडे कार्यवाहांच्या बाजूला होत्या. मी लेझीम खाली करून हात वर केला, ठरलेली खूण होती आमची. त्यांना दिसली. त्यांनी तोंड फिरवलं. ऊन होतं, गर्दी होती, त्यांना दिसली नसेल, असं मी पुढे खूप दिवस स्वतःला समजावलं. पण दिसली होती. मग लेझीम खेळताना माझा हात मलाच अर्धा दिसत होता. मी गुडघ्यांवर बसले आणि पालखीच्या वाटेतच ओकले. मागची सई नावाची सातवीतली पोर माझ्यावर अडखळून पडली आणि तिचं मनगट मोडलं.

सईच्या घरच्यांनी तक्रार केली. करणारच. दोन दिवसांनी मुख्याध्यापिकांनी बाबांना बोलावून घेतलं, बरोबर मलाही. खोलीत कार्यवाह बसलेले आणि खिडकीपाशी वालावलकर बाई उभ्या. त्यांना बघून मला एवढं हायसं वाटलं! म्हटलं, बरं झालं, घरी यायचंच होतं, आता इथेच सांगतील, सगळ्यांसमोर.

मुख्याध्यापिकांनी त्यांना सरळ विचारलं, या मुलीला काही त्रास आहे याची तुम्हाला कल्पना होती का?

"नाही," बाई म्हणाल्या.

हे 'नाही' मी गिळलं असतं. देवाशप्पथ गिळलं असतं. त्यांची नोकरी, त्यांची आई, सगळं मला ठाऊक होतं. हो म्हटलं असतं तर विचारलं असतं, मग पहिल्या रांगेत उभी का केलीत, उपाशी का ठेवलीत? तेवढं मला त्या वयातही कळत होतं. पण बाई तिथे थांबल्या नाहीत. कोणी पुढे विचारलंही नव्हतं.

"खरं सांगायचं तर मला तो आजार वाटत नाही. चाचणी असली की तिचं डोकं दुखतं. या वयात काही मुलींना लागतं असं, सगळ्यांनी आपल्याकडे बघावं."

चाचणीचं! ज्या चाचणीचं कोडं त्यांनी स्वतः मला सोडवून दिलेलं, तेच उचलून माझ्यावर घातलं. मी त्यांच्याकडे एकटक बघत राहिले. त्या कार्यवाहांकडे बघत होत्या. माझ्या तोंडाशी आलं होतं, की यांनाही होतं, यांच्या पर्समध्ये आत्ता गोळ्या आहेत, उघडून बघा. एका वाक्याचं काम होतं. मी बोलले नाही. बाबांनी हात जोडले, पुन्हा असं होणार नाही म्हणाले. बाबांनी, ज्यांचा काही संबंध नव्हता.

घरी जाताना ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. रिक्षात माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असं करू नये, बाळा. लोकांच्या पोरांना लागतं." आईला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून घरात माझ्या डोक्याबद्दल कोणी बोलेनासं झालं. दुखलं की मी बाथरूममध्ये जाऊन अंधार करून बसायचे. दहावीला बीजगणिताच्या पेपरात अर्धा प्रश्न दिसत नव्हता, तो तसाच सोडून आले. निकालानंतर बाबा म्हणाले, लक्ष नव्हतं तुझं. मी म्हटलं, हो.

शाळेत बाई माझ्याशी नीट वागत राहिल्या, हेच मला सहन व्हायचं नाही. फाटकात "पोटात काय आहे?" विचारायच्या आणि मी उत्तर न देता आत जायचे. एकदा त्यांनी मला थांबवून शेंगदाणे पुढे केले. मी म्हटलं, मला काही होत नाही, बाई, मी नाटक करते. त्यांनी डबा बंद केला. पुढच्या वर्षी त्या कायम झाल्या, स्टाफरूममध्ये पेढे वाटले. चित्रकलेच्या सरांनी त्या दिवशी उदबत्ती लावली नाही म्हणे.

मला खरं औषध मिळालं ते कॉलेजच्या शेवटच्या वर्षी. वर्गात पडले, मैत्रिणींनी परस्पर डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी अर्ध्या तासात नाव सांगितलं, जे मला आठवीपासून पाठ होतं. बाबा त्या दिवशी खूप रडले. आणि मग त्यांनी एक वाक्य धरून ठेवलं, ते आजतागायत: "अगं, तुझ्या पी.टी.च्या बाई रोज तुझ्याबरोबर असायच्या, त्यांना नाही कळलं, आम्हाला काय कळणार?" नातेवाइकांना हेच, शेजाऱ्यांना हेच. मी दर वेळी ऐकून घेतलं. वचन दिलेलं म्हणून, आणि आता सांगून खापर फोडल्यासारखं होईल म्हणून. पण खरं कारण सांगू? मला ते त्या बाईच्या तोंडून हवं होतं. एकदा तरी बाबांसमोर त्यांनी म्हणावं, मला माहीत होतं. बाकी काही नको.

आता मी ठाण्यात घोडबंदर रोडला एका ऑफिसात आहे. सगळीकडे काच, सगळीकडे स्क्रीन, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये समोरच्या गाड्यांचे लाल दिवे. माझे मेंदूचे डॉक्टर कोलशेत रोडला. बाबा रिटायर झालेत, दर वेळी हट्टाने माझ्याबरोबर येतात, कंपनीचा जुना रस्ता आहे ना त्यांचा. मागच्या उन्हाळ्यात आम्ही असेच पहिल्या मजल्यावर दवाखान्यात नंबर लावून बसलेलो. डॉक्टरांच्या केबिनचं दार उघडलं आणि वालावलकर बाई बाहेर आल्या. एकट्याच. केस पूर्ण पांढरे, पाठीत थोड्या वाकलेल्या, पण मी पाठमोऱ्याही ओळखल्या असत्या.

बाबा तर उठून उभेच राहिले. "बाई! ओळखलंत का? मुग्धाचे बाबा. तुम्ही इकडे कशा?"

बाईंनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. खोलीत आम्ही तिघं आणि काउंटरवरची मुलगी. ना संस्था, ना नोकरी, ना म्हातारी आई, कोणी कोणी उरलं नव्हतं भ्यायला. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, बाई. आत्ता बोललात तर मी सगळं सोडून देईन. खरंच सोडून दिलं असतं मी.

"बहिणीसाठी आलेय," बाई म्हणाल्या. "तिला डोकेदुखीचा त्रास आहे." मग मला विचारलं, कशी आहेस गं, आणि उत्तर न ऐकताच जिन्याकडे वळल्या.

काउंटरवरच्या मुलीने मागून हाक मारली. "शैलजा वालावलकर! अहो आजी, तुमची फाइल राहिली."

बाई परत आल्या. फाइल घेतली. कोणाकडेही न बघता जिना उतरून गेल्या.

बाबा उभेच होते. जिन्याकडे बघत होते. मग खाली बसले आणि बराच वेळ स्वतःचे हात बघत राहिले. "हिला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, बाबा."

"आणि तुला हिचं माहीत होतं? त्या दिवशी, त्या खोलीत?"

मी मान हलवली.

"मग तू बोलली का नाहीस गं?"

"त्यांनी विश्वासाने सांगितलेलं, बाबा. मी कोणाला सांगणार नाही म्हटलेलं."

बाबांनी तोंडावर हात धरला. मी उठून खिडकीशी गेले. खाली रस्त्याला बाई रिक्षा शोधत होत्या. दुपारच्या उन्हात एकही रिक्षा थांबत नव्हती, आणि त्या फाइल डोक्यावर धरून उभ्या होत्या.